पूजेत बसलेली काठी

लाकडाची कुठलीही वस्तू हातात आली की तो तिचं एक टोक बुटावर दोनदा हलकेच आपटायचा, आवाज ऐकायचा आणि विचारायचा, "कुठलं झाड?"

मराठीत विचारायचा. त्याला येणारं मराठी तेवढंच, आणि ते मी शिकवलेलं. झाडूचा दांडा असो, टपरीवरचं बाकडं असो, मशीनच्या खोक्याचं फळकूट असो, प्रश्न ठरलेला. एकदा सुरतेत आमच्या डिंडोलीच्या घरी जेवायला आला, तर आईच्या हातातलं लाटणंच मागून घेतलं. बूट दारात काढलेले, म्हणून गुडघ्यावर आपटलं. "कुठलं झाड?" आई तोंडाला पदर लावून मला म्हणाली, "बाभूयनं शे, सांग त्याले. आनि म्हन, माले पोया लाटू दे आते."

तो आयर्लंडचा. सुरतेला प्लेग येऊन गेला, त्यानंतर तीनेक वर्षांनी आमच्या शेठनं उधन्याच्या कारखान्यात युरोपातले नवे माग आणले. ते उभे करायला तिकडच्या कंपनीनं याला पाठवलं. आणि त्याचं इंग्रजी कळणारा माणूस हवा म्हणून शेठनं मला नेमलं. माझे वडील जळगावकडून येऊन याच कारखान्यात आयुष्यभर माग चालवत राहिले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. बी.एस्सी., तेही एका झटक्यात. म्हणून मी ऐटीत गेलो. पहिल्याच दिवशी कळलं, हा इंग्रजी बोलतो की गुळणी करतो ते समजायलाच आठवडा लागणार. लागलाही. पण मग आमचं चांगलं जमलं.

त्याच्याबरोबर एक काठी होती. हॉकीची असते तशी, पण आखूड आणि खाली पंज्यासारखी रुंद. पंज्याला पत्र्याची पट्टी ठोकलेली. रोज सकाळी कारखाना सुरू व्हायच्या आधी तो मागच्या कुंपणाच्या भिंतीसमोर उभा राहायचा आणि चामड्याचा लहानसा कडक चेंडू त्या भिंतीवर मारत राहायचा. चेंडू परत यायचा तो थेट त्याच्याकडे. डावीकडून मारा, उजवीकडून मारा, पळत मारा, चेंडू पाळलेल्या कबुतरासारखा परत. वॉचमन कुरकुरायचा, "साहब, नींद हराम कर दी." हा हसून म्हणायचा, "भिंतीसारखा भिडू नाही. चेंडू स्वतःकडे ठेवून घेत नाही."

चहाच्या वेळी सगळे कारागीर त्याच्याभोवती जमायचे आणि मी मध्ये दुभाष्या. त्या खेळाचं नाव हर्लिंग. मैदान हॉकीपेक्षा मोठं. चेंडू हवेतच मारायचा, धावता धावता काठीवर तोलायचा. गोलाचे खांब उंच, इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांड्याच्या वरून चेंडू गेला तर एक गुण, खालून गेला तर तीन. तेव्हा बरेच खेळाडू डोक्यावर काही घालत नसत. त्याच्या भुवईत टाक्यांची खूण होती आणि डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत.

"पगार किती?" आमच्यातल्या एकानं विचारलं.

"काही नाही."

"मग सरकारी नोकरी तरी?"

"नाही. आठवडाभर आपापलं काम करायचं आणि रविवारी खेळायचं."

"मग खेळता कशाला?"

त्यानं खांदे उडवले. "गाव आहे ना."

तिकडे म्हणे असंच असतं. ज्या गावात जन्मलात त्याच गावाकडून खेळायचं, पोटासाठी कुठंही जा. फार चांगला खेळलात तर जिल्ह्याचा संघ बोलावतो. याला विसाव्या वर्षी बोलावलं. जिल्ह्याकडून बरीच वर्षं खेळला, एकदा राजधानीतल्या मोठ्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि हरला. तो सामना सांगताना त्याचा चहा गार व्हायचा. पुढे मशीन बसवायला देशोदेशी फिरू लागला, सराव चुकू लागला, जिल्ह्यानं वगळलं. गावानं मात्र ठेवलं.

आमच्यातल्या पोरांना हे खुळेपण वाटलं. आप्पा मास्तरांना नाही वाटलं. आप्पा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने मास्तर. जुन्या मागांपासून सगळी मशीनं त्यांच्या हाताखालून गेलेली. ते पोरांवर खेकसले, "आखाजीले गाव जावाना कोनी पगार देस का तुम्हले?" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेतला अर्धा खानदेश गाडीला लोंबकळत गावाकडे जातो, ते तुम्ही पाहिलंच असेल. मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं तेव्हा साहेबानं उठून आप्पांशी हात मिळवला.

काठीचीही गोष्ट होती. ती ॲश नावाच्या झाडाची. खोडाच्या अगदी बुडाशी, मुळं फाकतात तिथलं लाकूड घेतात, म्हणजे रेषा आपसूक वळलेल्या असतात आणि पंजा तुटत नाही. त्याच्या गावात अशा काठ्या करणारा एक म्हातारा होता. त्यानं केलेली ही शेवटची. म्हातारा गेला. "हिच्या आधीच्या सगळ्या मोडल्या," तो म्हणाला, "ही मोडायच्या आत मला थांबायचंय."

पस्तिशीला आला होता. गुडघा दुखायचा. जिना उतरताना आडवा पाय टाकायचा.

नवरात्र सुरू होतं. सोमवारी ऑफिसात फोन वाजला. त्याच्या भावाचा. गावाच्या संघानं उपांत्य सामना जिंकला होता. कुणालाच भरवसा नव्हता, पण जिंकला. अंतिम सामना येत्या रविवारी. याच्या जन्मापासून गावानं ती ढाल एकदाही घरी आणली नव्हती. फोन ठेवून तो खुर्चीवर बसला आणि खिडकीतून भिंतीकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "शेठला सांग, मला शुक्रवारी संध्याकाळी निघायला हवं."

आता गंमत बघा. त्या वर्षी दसरा शनिवारी होता, आणि शेठनं नव्या मागांचा मुहूर्त दसऱ्यालाच धरला होता. मंडप ठरलेला, पेढे सांगितलेले, पाहुणे बोलावलेले. शेठनं कपाळाला हात लावला. "जुओ भाई, मशीन चालु करनारो ज न होय, तो मुहूर्त शेनुं?" म्हणजे मशीन चालू करणाराच नसेल तर मुहूर्त कसला.

मी दोघांच्या मध्ये उभा. एकाचं वाक्य गोड करून दुसऱ्याला द्यायचं आणि दुसऱ्याचं त्याला. अर्धा तास झाला. शेवटी साहेब म्हणाला, "शुक्रवारी दुपारपर्यंत सगळे माग चालवून दाखवतो. एकही बंद राहिला तर मी थांबतो. सगळे चालले तर मी सुटलो." शेठनं क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. मला वाटतं, होणार नाही अशी त्याची खात्री होती.

ते चार दिवस कारखान्यात कुणी मोठ्यानं बोललं नाही. साहेब सकाळी भिंतीकडे जायचा नाही, सरळ मागाखाली शिरायचा. त्याचे फक्त पाय दिसायचे आणि हात बाहेर यायचा, पाना मागायला. आप्पा त्याच्या शेजारी उकिडवे बसून पाना द्यायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण कुठला पाना हवा हे आप्पांना हात बाहेर यायच्या आत कळायचं.

शुक्रवारी खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा असते. हत्यार म्हणजे ज्याचं ज्यावर पोट आहे ते. पूजेला बसवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर राबतं, त्याला एक दिवस निजू द्यायचं. आप्पांनी सकाळीच कोपऱ्यात पाट मांडून लाल कापड घातलं होतं. एकेक माग सुरू झाला की त्याला लागलेली हत्यारं पुसून तिकडे जायची. एक माग सुरू, चार पाने पाटावर. दुसरा सुरू, हातोडी पाटावर. मागांचा आवाज वाढत होता आणि आप्पांच्या हातातली हत्यारं कमी होत होती.

शेवटचा माग काही ऐकेना. आडवा धागा अर्ध्यात पोचला की सुटायचा. साहेब जुळवायचा, बटण दाबायचा, धागा सुटायचा. पुन्हा. पुन्हा. मुंबईच्या गाडीची वेळ जवळ आली. शेठ दारात येऊन उभा राहिला. भटजी घड्याळ बघत म्हणाला, "मास्तर, पूजेची वेळ टळतेय."

आप्पांच्या हातात एकच पाना उरला होता. त्यांनी तो घट्ट धरला. "देव थांबी. मना देव शे तो."

साहेबानं हात बाहेर काढला. आप्पांनी पाना दिला. एक खटका ऐकू आला. मग बटण. धागा गेला, पलीकडे पोचला, परत आला, पुन्हा गेला. बोटभर कापड विणून झालं तरी सगळे धाग्याकडेच बघत होते. वीतभर झालं तेव्हा शेठच म्हणाला, "बस! छूटा. जाओ!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. आप्पांनी तो शेवटचा पाना पुसून पाटावर ठेवला, नारळ फुटला, आरती झाली. साहेब हात धुवायला पळाला. मी त्याची बॅग दारातल्या टॅक्सीत टाकली आणि काठी आणायला ऑफिसात गेलो.

दारामागच्या खिळ्यावर काठी नव्हती.

टेबलाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. मग एकदम लक्षात आलं. धावत कोपऱ्यात गेलो. पाने, हातोड्या, कात्र्या, जुन्या मागाचा एक धोटा, आणि या सगळ्यांच्या मधोमध, मानाच्या जागी, ती काठी. पंज्यावर हळदकुंकू, मुठीला झेंडूची माळ.

"आप्पा, काठी द्या. टॅक्सी उभी आहे."

"ती पूजामा बठेल शे."

"कुणी बसवली?"

"मी." आप्पांचा चेहरा आनंदानं फुललेला. "सर्वासना हत्यार बसाडात, त्यानंच बाहेर ठेवू? तो काय परका शे का?"

"अहो, तो आज जाणार हे तुम्हाला माहीत होतं ना!"

"जावानं म्हाईत व्हतं. काठी संगे लई जाई, हाई नव्हतं म्हाईत. तठे त्याना गावमा काठ्या नहीत का?"

मी सगळं सांगितलं. काठी करणारा म्हातारा, ही शेवटची काठी, हा शेवटचा सामना. आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न मारत होता. "मी उचलतो," मी म्हणालो. "लाकूडच आहे शेवटी."

"उचल. तू शिकेल शे. मी काय तुना हात धरस?"

मी वाकलो. मला या गोष्टी पटत नाहीत, तेव्हाही पटत नव्हत्या. पण मागे सगळे कारागीर उभे होते, त्यांत माझे वडीलही होते, आणि कुणीही 'उचलू नको' म्हणत नव्हतं. म्हणाले असते तर मी उचलली असती.

तेवढ्यात साहेब आला. पाट बघून त्यानं आधी बूट काढले. कुणी सांगावं लागलं नाही. उकिडवा बसला. "ती तिथं काय करतेय?"

मी सांगितलं. आजचा दिवस हत्यारानं विश्रांती घ्यायची. उद्या सकाळी उठवायचं.

"उद्या सकाळी मी विमानात असेन."

"हो."

आप्पा पुढे झाले. त्यांनी पाटाला हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि मला म्हणाले, "त्याले सांग, मी उचली देस. पाप लागनं तर माले लागी, त्याले नही." त्यांचा हात काठीकडे गेला.

साहेबानं ते मनगट धरलं.

"नको," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून सांगू लागला, आणि ते सांगताना तो पहिल्यांदा इतकं सावकाश बोलला की मला प्रत्येक शब्द कळला. "माझी आजी सामन्याच्या आदल्या दिवशी काठीवर चर्चमधलं पाणी शिंपडायची. मग सकाळपर्यंत हात लावू द्यायची नाही. एकदा मी ऐकलं नाही." त्यानं न वाकणारी दोन बोटं आप्पांसमोर धरली. "दुसऱ्या दिवशी हे." आणि हसला.

मी आप्पांना सांगितलं. आप्पा हसले नाहीत.

तो गेला. हात रिकामे घेऊन टॅक्सीत बसला, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत काचेतून भिंतीकडे बघत होता.

दसऱ्याला आप्पांनीच बटण दाबलं. सगळे माग चालले, शेठनं पेढे वाटले. आप्पांनी पेढा खिशात ठेवला. रविवारी सुट्टी असूनही ते डिंडोलीला आमच्या घरी येऊन बसले. "आते खेळत व्हतीन का?" असं दर घटकेला विचारत. तिकडची वेळ वेगळी असते हे मी समजावलं, तर म्हणाले, "तू शाळा नको शिकाडू माले. खेळत व्हतीन का तेवढं सांग."

सोमवारी त्याचाच फोन आला. ऑफिसात मी, शेठ आणि दारात आप्पा.

"बरोबरी," तो म्हणाला. "पुन्हा खेळायचं. येत्या रविवारी."

"त्याना हातमा कोनती काठी व्हती, इचार."

चुलतभावाची होती. अगदी शेवटी याला मोकळा फटका मिळाला होता. चेंडू खांबाच्या वीतभर बाहेरून गेला. "काठी हलकी होती," एवढंच तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं.

आप्पा तिथंच दाराच्या उंबऱ्यावर बसले. दोन्ही हात डोक्यावर. मग एकदम उठून शेठच्या टेबलापाशी गेले. इतक्या वर्षांत त्या माणसानं शेठकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. "शेठ, काठी धाडनी शे. रविवारना पहिले."

टपालानं पोचणार नव्हती. शेठ पेन हलवत विचार करत राहिला. आणि मग जे सुचलं ते सुरतेच्याच माणसाला सुचावं. त्याचा मेहुणा हिऱ्यांचा व्यापारी. दर महिन्याला बेल्जियमला जायचा. मागांची कंपनीही त्याच देशातली, पुढे आयर्लंडला धाडायचं काम तिचं. "मारो साळो बुधवारे जाय छे," शेठ म्हणाला. "हीरा साथे लाकडुं पण लई जशे."

आप्पांनी काठी स्वतः बांधली, कारखान्यातल्याच कोऱ्या कापडात. नव्या मागावर त्या शेवटच्या दुपारी विणलेलं कापड होतं ते. मी म्हटलं, "कुंकू पुसू का? विमानतळावर विचारतील." आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गाठ मारायला सुतळी पुढे केली. मेहुण्याला विमानतळावर खरंच विचारलं म्हणे, हे काय? तो म्हणाला, "सेंपल."

त्यानंतर काही कळलं नाही. रविवार गेला. आम्ही फोनजवळ बसलो. फोन वाजायचा आणि पलीकडे कुणीतरी ग्रे, म्हणजे बिनरंगवलेल्या, कापडाचा भाव विचारायचा. पुढच्या आठवड्यात कंपनीनं कळवलं की त्याला दुसऱ्या देशात पाठवलं आहे. आप्पा रोज सकाळी मला एकच शब्द विचारत, "काय?" मी मान हलवायचो. पुढेपुढे त्यांनी विचारणं सोडलं, नुसतं बघायचे.

वर्षभरानं, पुन्हा नवरात्रात, मागांची तपासणी करायला दुसरा साहेब आला. बेल्जियमचा. बॅगेबरोबर त्याच्याकडे एक लांबट गाठोडं होतं. आमचंच कापड. आमचीच सुतळी.

आप्पांनी पहिला प्रश्न विचारला तो हार-जितीचा नव्हता. "टाइमवर पोचनी का?"

शनिवारी पोचली होती, असं नव्या साहेबानं सांगितलं. पूर्ण सामना तो तिनंच खेळला. शेवटचा मोकळा फटका पुन्हा त्यालाच मिळाला आणि या वेळी चेंडू दांड्यावरून गेला. तरी गाव एका गुणानं हरलं. त्यानंतर तो कधी खेळला नाही. निरोप एवढाच होता: हिला आता विश्रांती द्यायचीय, आणि तिची सोय तुमच्याकडे आहे.

काठी मोडली नव्हती. पंज्यावर नवे ओरखडे होते आणि त्यांच्या फटीत अजून लालसर काहीतरी होतं. आप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला. हरल्याचं त्यांना किती लागलं ते मला कळलं नाही. पण दांड्यावरून गेलेला तो फटका त्यांनी मला तीनदा सांगायला लावला.

खंडेनवमीला ती पुन्हा मानाच्या जागी बसली. दसऱ्याला सकाळी पूजा हलवली. मी म्हटलं, "आप्पा, आता हिला आत कपाटात ठेवू."

"कसाले?"

"विश्रांतीला ना. तोच म्हणालाय."

"इश्रांती एक दिननी. दुसरा दिन हत्यार चालाले पाहिजे, नही तर ते लाकूड शे."

आणि धोतर खोचून, टोपी सरळ करून, आप्पा मागच्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. गाठोड्यात चेंडूही होता. पहिला फटका हवेत गेला. दुसराही. पोरं तोंड दाबून हसत होती. तिसरा लागला, आणि भिंतीतून तो जुना, कोरडा आवाज आला. वॉचमन खोलीतून धावत बाहेर आला आणि आप्पांना बघून थांबला.

पुढे जितके दसरे आप्पांना मिळाले, तितके त्यांनी असे केले. आता ते नाहीत. काठी आहे. वर्षातून एक दिवस तिला निजवतो, दुसऱ्या दिवशी उठवतो, आणि आता भिंतीसमोर मी उभा राहतो. फटका लागतो कधीकधी. चेंडू मात्र दरवेळी भलतीकडेच जातो, सुताच्या बीमच्या ढिगाखाली, गटाराच्या कडेला, एकदा तर कुंपणाबाहेर. मग आम्ही सगळे नव्या कपड्यांत वाकून वाकून तो शोधत राहतो.

साहेबाच्या वेळी चेंडू शोधायला कधी कुणाला जावं लागलं नाही.